गिअर ऑइलात तळलेली घुंगरं

फुलचंद : तरी बी मले समजलं नाई. ट्रॅक्टरचं तेल कसं गुळाच्या पाकावानी घट्ट राहते. थे सोडून तू गाडीत हे पान्यावानी तेल टाकून राह्यला.

लखन : बा, हे फाइव्ह डब्ल्यू फोर्टी आहे. फुल सिंथेटिक. गाडीच्या पुस्तकात हेच लिहिलं आहे. पह्यला आकडा थंडीतला. तो जितका लहान, तितकं तेल सकाळी लवकर इंजिनात वर चढते. दुसरा आकडा गरमीतला. इंजिन तापल्यावर तेल किती दम धरते ते त्याच्यावरून समजते.

फुलचंद : म्हनजे पह्यला आकडा सकाळी उठाचा, दुसरा उन्हात टिकाचा.

लखन : हो, तसंच समजा.

फुलचंद : मंग आपल्या तहसीलदाराचा पह्यला आकडा लय मोठा होता.

बिजलीबाई : म्हनून त त्याचं नाव तहसीलदार ठेवलं होतं. अकरा वाजल्याशिवाय बैल उठतच नव्हता.

फुलचंद : पन उठल्यावर? शंकरपटाच्या धावेवर सोडला का सात सेकंदात झेंड्यापाशी! जोडीदार बैल नुसता सोबत वढला जाये.

लखन : बा, तहसीलदार मरून नऊ वर्षं झाले. त्याच्या गोठ्यात आता माही गाडी उभी आहे. तिच्याबद्दल बोला.

फुलचंद : तिच्याबद्दलच बोलून राह्यलो. उद्या रविवार. नागपूरकडच्या त्या ट्रॅकवर चारशे मीटर, सोळा सेकंदाच्या आत. आत आली त गाडी तुही. नाई आली त सोमवारी उमरखेडचा उत्तमसिंग येते, गाडी घेऊन जाते अन् आपल्या दावणीले गोऱ्ह्यायची जोडी बांधून जाते. ठरलं हाय न?

लखन : ठरलं आहे.

बिजलीबाई : उत्तमसिंगले गाडी चालवता येते का?

फुलचंद : नाई. थो म्हनते, चालवाची कायले? दारात लाल गाडी उभी दिसली का पोराले सोयरीक येते.

लखन : पुण्यात दोन वर्षं मी दुसऱ्यायच्या गाड्या धुतल्या, बा. त्याच्यानंतर ही माही झाली. सोयरिकीसाठी उभी ठेवाले नाही.

फुलचंद : मंग सोळाच्या आत आन. हा दुसरा डब्बा कायचा?

लखन : गिअर ऑइल. गिअरबॉक्सचं तेल वेगळं राहते. तिसरा गिअर टाकतो त कर्रर्र करते, म्हणून तेल बदलतो. डिक्कीत पह्यल्या मालकाचा एक सीलबंद डबा निघाला, पण तो जीएल फोर आहे. मी दिग्रसले वामनरावाकडे गेलतो. ते म्हणे, फाइव्ह घेऊन जा.

फुलचंद : वामनराव? त्याचं त जिनिंगच्या पट्ट्यायचं दुकान हाय.

लखन : आता तेलही ठेवतात.

फुलचंद : आनि गाडीच्या पुस्तकात काय लिहिलं?

लखन : चार.

फुलचंद : मंग पाच कायले आनलं?

लखन : बा, चारापेक्षा पाच मोठा राहते.

फुलचंद : हे वामनरावानं सांगितलं?

लखन : हो. बोटं दाखवून सांगितलं. पह्यले चार बोटं उभे केले, मंग अंगठा.

बिजलीबाई : अर्धं अर्धं टाक मंग, माह्या लेका. साडेचार.

लखन : तेलात साडेचार नसते, याडी.

फुलचंद : थो पाचाचा डब्बा नाकाले लावू दे बरं. अरे बाप्पा! गंधकाचा वास येते याले.

बिजलीबाई : दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी अंगनात येते, तसाच.

लखन : दाब सहन करायची दवा असते त्यात. ट्रकच्या मागच्या चाकायले जोर देणाऱ्या गिअरवर लय दाब येते, तिथं हे लागतेच. पाचात दवा जास्त, चारात कमी.

फुलचंद : अन् तुह्या गिअरच्या डब्ब्यात काय हाय? सारं लोखंड?

लखन : लोखंड, आणि मधात पितळेच्या रिंगा. दोन गिअर वेगवेगळ्या चालीनं फिरत राहतात न, ते एकमेकात बसायच्या आधी ही रिंग दोघायची चाल सारखी करते.

फुलचंद : म्हनजे जोडी जुपताना मधात उभा राहाचा मानूस. एकाले थांबवाचं, दुसऱ्याले समोर घ्याचं, मंग जू ठेवाचं.

लखन : बरोबर. फक्त तो माणूस पितळेचा आहे.

फुलचंद : आनि तू त्याले गंधक चोपडून राह्यला. बिजली, पितळेले गंधक लागलं त काय होते?

बिजलीबाई : काळं पडते. दिवाळीत लखन्यानं फटाक्याच्या हातानं माहा लोटा धरला होता. चिंचेनं घासता घासता होळी आली.

लखन : यूट्यूबवरचा एक भाऊ म्हणते काही होत नाही. दुसरा म्हणते गिअरबॉक्स खतम. दोघायचेही पाच-पाच लाख सबस्क्रायबर आहेत.

फुलचंद : मंग आपन आपल्या डोळ्यानं पाहू. खुटीवरून तहसीलदाराची घुंगरमाळ उतरव. पितळेची हाय. एक घुंगरू चारात टाक, एक पाचात, अन् चढव चुलीवर.

बिजलीबाई : माह्या कढईत नाई.

फुलचंद : कढई कोन मागून राह्यलं?

बिजलीबाई : तुमी कढईकडंच पाहून राह्यले. मागच्या फुटक्या ओसरीत दोन जुने गंज हायेत, भात शिजवाचे पातेले, थे घ्या. अन् मंग ते गंज घरात आनाचे नाईत.

(दुपार. अंगणातल्या चुलीवर दोन गंज, दोन्हीत तेल, प्रत्येकात एकेक घुंगरू. बाजूला एक बकरी.)

बिजलीबाई : हलवू का?

लखन : हलवायचं नसते, याडी. जाळ कमी ठेव फक्त. धूर निघाला नाही पाहिजे.

बिजलीबाई : वडे बी याच आचेवर होतात.

फुलचंद : चव पाहू नको.

बिजलीबाई : पाह्य, शेजारची चंदाबाई भिंतीवरून डोकावली. चौदा वर्षं तोंड पाह्यलं नाई एकमेकीचं, आज वासानं भिंतीवर चढली.

लखन : काय म्हणे?

बिजलीबाई : मले काई नाई म्हनली. बकरीले म्हनली, ‘आज कायचा बेत हाय म्हनावं.’

फुलचंद : मंग तू?

बिजलीबाई : मी बी बकरीलेच सांगितलं. ‘घुंगरं.’

लखन : मग?

बिजलीबाई : मंग ती बकरीले म्हनली, ‘दोन इकडं बी पाठव म्हनावं.’

लखन : याडी, चंदाबाईनं तुह्यं नेमकं वाईट काय केलं?

बिजलीबाई : काय केलं विचारते! चौदा वर्षामागं दिग्रसच्या शंकरपटाले निघालतो. तहसीलदाराच्या शिंगाले गोंडे, गळ्यात हीच घुंगरमाळ. ती दारात उभी राहून म्हनली, ‘काय चमकते बाई बैल!’ अन् त्याच दिवशी भर धावेत, झेंडा पन्नास पावलावर असताना, बैल उभा राह्यला. उभाच! नजर लागली तिची. त्या दिवसापासून मी बोलली नाई.

फुलचंद : जाळ कमी करा जरा.

लखन : कमीच आहे, बा.

फुलचंद : अजून कमी करा.

बिजलीबाई : तुमाले काहून घाम सुटला? चुलीपाशी त मी बसली हाय.

फुलचंद : झाले असतीन साडेतीन घंटे. काढ रे लखन, काढ.

लखन : चिमटा द्या. हे चारातलं. पुसतो. हे पाहा, जसंच्या तसं. वाजतेही. आता पाचातलं.

बिजलीबाई : अगं माय! जांभूळ झालं त्याचं!

लखन : आणि हे फक्त एका दुपारचं. वरून हे तेल घसरते जास्त. म्हणजे रिंगेले पकड भेटली नसती, उद्या तिसरा गिअर पडलाच नसता. हे वामनराव त...

फुलचंद : वामनरावाले बोल लावू नको. त्याच्याकडं सारे ट्रकवाले येतात, त्यायले थो बरोबर तेल देते. तू ट्रक घेऊन गेलता का? पुस्तक वाचता येते न तुले?

लखन : येते.

फुलचंद : मंग!

लखन : पण बा, मले एक समजत नाही. मी पाच टाकलं असतं, उद्या हरलो असतो, अन् सोमवारी गोऱ्हे तुमच्या दावणीले. तुमाले फक्त गुपचाप बसायचं होतं. काहून बोलले?

फुलचंद : पळनाऱ्या जनावराले चुकीचं तेल पाजलेलं मले पाहवत नाई.

बिजलीबाई : कोनं पाजलं चुकीचं तेल?

फुलचंद : बकरी सरपन खाऊन राह्यली पाह्य.

बिजलीबाई : बकरी राहू द्या. कोनं पाजलं?

फुलचंद : एरंडेल होतं थे.

बिजलीबाई : काय एरंडेल?

फुलचंद : दर साली पटाच्या आधी मी तहसीलदाराले जवसाचं तेल पाजत होतो. त्या साली बाजारात एक जन भेटला. म्हने, जवस पातळ राहते. एरंडेल पाह्य, कसं घट्ट. घट्ट तेल, घट्ट बैल. मले पटलं. पटाच्या दिवशी सकाळी बांबूचे दोन नळे भरून पाजले.

लखन : बा! एरंडेलानं पोट साफ होते!

फुलचंद : मले आता माहीत हाय.

बिजलीबाई : म्हनजे थो बैल धावेच्या मधात उभा राह्यला, थो...

फुलचंद : कामासाठी उभा राह्यला. पाच मिनिटं काम चाललं. मी शेपटी पिळली, ओरडलो, काई उपयोग नाई. तहसीलदार एकदा कामात बसला का कोनाचं ऐकत नाई.

लखन : अन् पब्लिक?

फुलचंद : टाळ्या वाजवल्या. मागची जोडी घसरून पडली. पंचानं त्या दिवशीचा पट दुसऱ्या शेतात नेला.

बिजलीबाई : मी तवा बायायच्या मांडवात होती. मले तुमी येऊन सांगितलं, ‘नजर लागली.’

फुलचंद : तोंडातून निघून गेलं.

बिजलीबाई : चौदा वर्षं! चंदाबाईच्या दोन पोरीच्या लगनाले मी गेली नाई.

फुलचंद : मले वाटे, आज सांगू, उद्या सांगू.

बिजलीबाई : आनि लिंबं? दर अमावस्येले तिच्या भिंतीवर मी लिंबू ठेवत आली.

लखन : ते लिंबं चंदाबाई लोणच्यात टाकते, याडी. मी खाल्लं आहे. चांगलं राहते.

बिजलीबाई : तू बी तिच्या घरी खाऊन येते?

लखन : लिंबं आपलेच होते न.

बिजलीबाई : व्हा बाजूले दोघं बी. चंदाबाई! ओ चंदाबाई! बकरीले नाई म्हनत, तुलेच म्हनते! ये इकडं, ताट घेऊन ये. घुंगरं नाई ओ, भजे तळते आता. खाचे!

*

लखन : हॅलो, बा?

फुलचंद : बोल. फोन सगळ्यायच्या मधात ठेवला हाय. तुही याडी हाय, चंदाबाई हाय, बकरी बी आत आली.

लखन : झाली धाव.

फुलचंद : गिअर?

लखन : दुसऱ्यातून तिसरा असा पडला, बा, जसं लोण्यात बोट. कर्र नाही, काही नाही. बाजूच्या गाडीवाला विचारे, कोणतं तेल टाकलं. मी म्हटलं, पुस्तकातलं.

फुलचंद : आनि घड्याळ?

लखन : सोळा पूर्णांक दोन.

बिजलीबाई : म्हनजे आत का बाहेर?

लखन : बाहेर.

फुलचंद : बाहेर? काहून? ऊन लय होतं का? ट्रॅक खराब होता? निघताना कोनी काई म्हटलं का गाडीले?

लखन : काही नाही, बा. ट्रॅक बरोबर होता, तेल बरोबर होतं, गाडी त एकदम बरोबर होती. दिवा हिरवा झाला अन् मी पाहतच राह्यलो, का अरे, हिरवा झाला. तिथंच गेले ते दोन. मी हरलो.

बिजलीबाई : ऐकलं का?

फुलचंद : ऐकलं.

बिजलीबाई : पोरगा पाच मिनिटात खरं बोलला. चंदाबाई, घे न अजून एक भजा. पाच मिनिटात.

फुलचंद : ऐकलं म्हटलं न.

लखन : उत्तमसिंगले सांगून द्या, बा. उद्या सकाळी या म्हणा. मी रातच्याले येऊन धुऊन ठेवतो तिले.

फुलचंद : उत्तमसिंगले काय सांगाचं थे मी पाहतो. गोऱ्हे अजून लहान हायेत. राहू दे त्याच्याच दावणीले.

लखन : पण ठरलं होतं न?

फुलचंद : ठरलं होतं. तहसीलदार धावेच्या मधात उभा राह्यला होता, तरी मी त्याले बाजार दाखवला नव्हता. घुंगरू कुठं हाय?

लखन : चारातलं? आरशाले बांधलं आहे. खड्डा आला का वाजते. सकाळी जाताना पूर्ण रस्ताभर वाजत गेलं. काढून ठेवू?

फुलचंद : काहून काढते? दिग्रसपासून इकडं सारे खड्डेच हायेत, दुरूनच ऐकू येते. वाजलं का मी फाटक उघडतो.