कामतघरची उल्का

आधी खटकलं ते एवढंच, की खिडकीतल्या कोऱ्या कागदावर उल्का नव्हती. आदल्या दिवशी आमच्या पत्र्यावर पडलेली. कॉलेजच्या मॅडमनी बजावलं होतं, "हात लावू नकोस. ओल, तेल लागलं तर तिने वरून आणलेलं सगळं पुसलं जाईल."

आईने बोट दाखवलं तशी मी धावत शेजारी सलीमचाचांच्या लूमवर गेले. उल्का तिथे साखळीला टांगलेली!

"सूत ढिलं पडत होतं, बेटा. वजन मागितलं, तुझ्या आईने हे दिलं. क्या चीज है!"

पृथ्वीहून जुना दगड झुलत होता आणि त्याच्या ताणावर पांढरंशुभ्र कापड संथ उतरत होतं. मी बघतच राहिले. मग भानावर येऊन मॅडमना फोनवर फोन लावले. शेवटी त्यांनी उचलला.

"अगं, एवढे फोन? उल्का कुठंय?"

"मॅडम... ड्युटीवर आहे."