डावी दांडी, उजवी दांडी

चहा कसा झालाय ते मला विचारू नका. आणीबाणी उठली त्या वर्षापासून चहाबद्दल माझं मत आमच्या घरात कुणी विचारत नाही.

तेव्हा मी मेडिकल कॉलेजात उंदीर शिकवायचो. हसू नका, पगार त्याचाच होता. पिंजऱ्यात दोन दांड्या. चहा-कॉफीत असतं ते कॅफिन टोचलं असेल, तर उंदरानं डावी दांडी दाबायची. नुसतं मिठाचं पाणी टोचलं असेल, तर उजवी. बरोबर दाबली की दाणा. मग डोस थोडा थोडा कमी करत जायचा आणि उंदराला कुठवर कळतंय ते बघायचं. सोलापूरचा उन्हाळा, पंखा बंद, वर उंदीर बोटाला चावणार. संध्याकाळी शुक्रवार पेठेत घरी आलो की बायकोपुढं हेच रडगाणं, आणि हातात कपभर चहा.

पुढं पुढं अंगात त्राणच राहिना. डोकं दुखायचं, बसल्या जागी डुलक्या यायच्या. एकदा चहा पिता पिता म्हणालो, "हे उंदीर माझा जीव घेणार बघ."

"अवो, उंदरांचं काय न्हाय त्यात," ती म्हणाली. "तुमचं पित्त लई वाढलं हुतं, म्हणून चहाची पावडर मीच थोडी थोडी कमी करत आणली. कसं करायचं ते तुमीच सांगत हुता की रोज. आता पातेल्यात नावाला चिमूटभर टाकते."

"आणि मला बोलली नाहीस?"

"तुमाला कवा कळतंय ते बघत हुते. उंदरानं कवाच उजवी दांडी दाबली असती. तुमी आज सुदीक 'झकास' म्हणालात."