जॅकवरची रुंद चाकं

तुमी मले संशयखोर म्हनता ना? म्हना खुशाल. पन हे आयका.

अकोल्यात मी माह्या गाडीले रुंद चाकं बसवाले गेलो. दुकानदारानं चाकं बसवले, गाडी जॅकवरच ठेवली अन् हातानं चाक गरगर फिरवून दाखवलं. "पाहा भाऊ, कुठी घासते का?"

मले तिथंच खटकलं. म्हनलं, "उचललेल्या गाडीचं चाक खाली लोंबते, चाक अन् वरच्या पत्र्याच्या मधात जागा तं दिसनच. उद्या अमरावतीले भावासाठी पोरगी पाहाले जाचं हाये. मागं मामा, मामी अन् आत्या बसले का गाडी दबन. मंग?"

"काईच होत नाई. माह्या सोताच्या गाडीले हेच चाकं हायेत. ते पाहा, बाहीर उभी हाये."

इतक्या खुशीनं कोनी आपली गाडी दाखवते का? मी गेलो, चाकापाशी उकिडवा बसलो अन् वरच्या पत्र्याच्या आतून बोटं फिरवले. पत्र्याची कड हातोडीनं ठोकून ठोकून पार चपटी केलेली!

"हे काय हाये?"

"अजी, कड ठोकली म्हनूनच तं घासत नाई!"

"मंग माह्या गाडीची कावून नाई ठोकली?"

तो गडी चहाचा घोट घेऊन शांतपनं म्हनते, "त्या कडेनं टायर कापल्यावर तुमी परत आले असते ना, तवा ठोकनारच होतो!"