स्कीखालचं लिंबू

न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत, कुरियरच्या रांगेत माझ्यापुढे एक दमलेलं जोडपं होतं आणि दोघांच्या मध्ये लांबलचक खोकं.

“तीन वीकेंड माझी गाडी बाहेर बर्फात ठेवलीस, अवधूत. बर्फावर चालवायची म्हणून गॅरेजमध्ये डर्ट बाइकचं पुढचं चाक काढून फोर्कला ही स्की बसवलीस. आणि आता रिटर्न?”

“आईनं व्हिडिओवर पूजा करायला लावली ना. स्कीखाली लिंबू ठेवून बाइक ढकलली, तर ते फुटलंच नाही, घसरलं. अपशकुन म्हणाली. चालवू नकोस म्हणाली.”

“अरे, स्की घसरण्यासाठीच असते!”

“मला कळतं गं.”

“मग आईंना सांग तसं.”

“तू सांग. फोन लावून देतो.”

तिनं खोक्याचं एक टोक उचललं.

“लावू?”

“पुढे सरक. आपला नंबर आला.”