वरून दिसणारं वावर

(दुपारची सुट्टी. रूपाली लातूरच्या कचेरीच्या जिन्यात फोनवर आहे. तिचे वडील, संगप्पा, जळकोटजवळच्या गावी घरात एकटेच.)

अप्पा : ...ज्वारी कमरेला लागली बघ. तूर तर शेंगांनी वाकून राहिली. पण येळवशीच्या सणाला यंदा बी नको येऊ, बाई. रस्ता उकरून ठेवलाय, लेकरांचे हाल व्हतील.

रूपाली : मागच्या साली कालवा फुटला म्हणालात. अख्खं गाव येळवशीला वावरात जाऊन जेवतं अन् मी हितं डबा खाते.

अप्पा : म्या दावतो की निवद. भज्जी, आंबिल, सगळं नेतो. ज्वारीत बसून जेवतो.

रूपाली : कुणाच्या ज्वारीत, अप्पा?

अप्पा : आपल्याच. दुसऱ्याच्या कशाला?

रूपाली : मी हपिसात काय काम करते, ठाऊक हाय ना तुम्हाला?

अप्पा : फोटो बघतीस. गावात सांगतो ना म्या, आमची रूपा आभाळातून जिमीन बघती म्हणून.

रूपाली : हं. उपग्रहाचे फोटो येतात. कुणाच्या वावरात काय उभं आहे ते रंगावरून ओळखायचं अन् नकाशा भरायचा. या आठवड्यात जळकोट माझ्या टेबलावर आलं.

अप्पा : असं व्हय. मंग शेजारच्या भागवतचा ऊस दिसला असंल.

रूपाली : दिसला. पीक असलं की आमच्या फोटोत लाल दिसतं. भागवतकाकांचं लालभडक आहे. आपलं राखेसारखं.

अप्पा : हिरवं लाल दिसतं म्हणतीस. मंग त्या फोटोचा काय भरवसा?

रूपाली : मला पण आधी तसंच वाटलं. नकाशा सरकला असेल म्हटलं. मग आपली विहीर शोधली, चिंच शोधली. जागच्या जागी आहेत.

अप्पा : ढग आला असंल.

रूपाली : दर वेळी आपल्याच वावरावर? मी जुने फोटो पण काढून बघितले, अप्पा. तेच बघत बसलेय, डोळे चुरचुरायलेत. नांगरलेलं रान काळं दिसतं, पेरलं की हळूहळू लाल होत जातं. आई गेल्यापासून आपलं वावर एकदा पण काळं झालं नाही. पावसाळ्यात जरा गवताचा रंग येतो, दिवाळीपर्यंत तोही जातो.

अप्पा : लई बारीक बघतीस.

रूपाली : मग ती तुरीची डाळ कुठली? घरची म्हणून पाठवता ती. तुमचे जावई शेजाऱ्यांना वाटतात, आमच्या सासऱ्यांच्या शेतातली म्हणून.

अप्पा : उदगीरची. मोंढ्यातून आणतो. पोतं तेवढं घरचं.

रूपाली : हसू पण येईना मला.

अप्पा : मला बी न्हाई.

रूपाली : वावर बटईनं, अर्ध्या वाट्यानं का नाही दिलं? भागवतकाका एका पायावर तयार झाले असते.

अप्पा : झाला असता. मंग सकाळी उठून म्या काय करू? बांधावर बसून दुसऱ्याची पेरणी बघू? पडून हाय तवर माझं तरी हाय.

रूपाली : आईमुळं का?

अप्पा : न्हाई. उगं तिचं नाव कशाला घेऊ. ती असती तर शिव्या घालून पेरायला लावली असती, ते खरं. पण टॅक्टरवाला दारात आलता आन् म्याच त्याला म्हणलो, उद्या ये. दुसऱ्या दिशी बी तेच म्हणलो. मंग त्यो यायचाच बंद झाला. दुखत-खुपत काही न्हाई, बाई. थकलोय. लई थकलोय.

रूपाली : मला सांगायचं ना.

अप्पा : सांगितलं की तू म्हणणार, घराला कुलूप लावा अन् लातूरला चला.

रूपाली : म्हणणारच.

अप्पा : बघ. आन् फोन केलीस की तुझा पयला सवाल काय असतो? पीक कसं हाय. म्या सांगतो, तू ऐकतीस. पिकाबिगर तुझं-माझं बोलणं कवा झालंय? म्हणून फोनवरच पेरलो. फोनवरच खुरपत राहिलो.

रूपाली : मला आवडायचं हो ते ऐकायला. दिवसभर दुसऱ्यांची वावरं बघायची अन् मग तुमच्या तोंडून आपलं ऐकायचं. राग आलाय मला, अप्पा. पण भांडायचं त्राण नाही.

अप्पा : मंग मागनं भांड. सवडीनं.

रूपाली : साहेबांना आज संध्याकाळी नकाशा द्यायचाय. सगळा तालुका भरून झाला. आपलं एक वावर तेवढं रिकामं ठेवलंय.

अप्पा : काय लिवायचं असतं तितं?

रूपाली : पडीक.

अप्पा : आन् ज्वारी लिवली तर?

रूपाली : कुणाला कळणार नाही. एवढ्याशा तुकड्यानं तालुक्याला काय फरक पडतो. तुम्ही म्हणत असाल तर लिहिते ज्वारी. खरंच लिहिते.

अप्पा : नको. पडीक लिव. त्यो शब्द माझ्या तोंडातून निघंना, म्हणून तर येवढं सगळं करत बसलो.

रूपाली : बरं. अन् येळवशीला मी येणार आहे. गवतात बसून जेवू.

अप्पा : ये. लातूरचं मात्र काढू नको येवढ्यात.

रूपाली : नाही काढत.

अप्पा : मंग आता रोज बोलायचं काय गं?

रूपाली : जेवलात का, ते सांगा.

अप्पा : जेवलो की. ...न्हाई, बाई. न्हाई जेवलो.