बोंडातले साहेब

...अन् वरून थो चित्र काढनारा मलेच म्हनते, "इंद्रजितभाऊ, तुमचा हिरो जरा बाजूले सरकवा, अळी दिसून नाही राह्यली." आता तुम्हीच सांगा, कॉमिक कोनाचं? आयडिया माझी, फेसबुकवरचं पेज माझं, टीम मी जमवली. लेखक कोन? मी!

म्हंजे झालं असं, तुम्हाले सांगतो, बोंडअळीचं साल होतं. अख्ख्या मारेगावात दुसरी गोष्टच नाही. पेपर उघडा, अळी. लग्नात जा, तं नवरदेवाचा बाप जेवाचं सोडून अळीचंच सांगून राह्यला. मले वाटलं, ह्या लोकायले आता एक हिरो पायजे. कपासवीर! छाती अशी, मागं पांढरा झगा, एका बुक्कीत अळी खल्लास. दर इतवारी मोबाईलवर एक भाग, फुकट. पन मले चित्र कुठं काढता येते? मी घोडा काढला तं भाचा म्हने, मामा, बकरी चांगली जमली. मंग टीम पायजे का नाही?

पहिला धरला बादल. तांड्यावरचा. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यायवर नावं रंगवते, मोर काढते, वाघ असा काढते का बाजूनं जातानी बैल बिचकते. एका चहात तयार झाला. दुसरी माझी आतेबहीन दीपमाला. बसस्टँडजवळ तिचं झेरॉक्सचं दुकान. स्कॅनर तिचा, कॉम्प्युटर तिचा, त्याच्यावर रंग भरनं तिले येते. अन् लेखक मी.

पहिला भाग लिहून देला. माझा कपासवीर म्हनते, "हे दुष्ट कीटका, तुझा अंतकाळ समीप आला आहे." दीपमालानं वाचलं, चष्मा काढला अन् म्हने, "दादा, हा मानूस आपल्याकडचा हाय, का संस्कृतच्या पेपरातून सुटला?" बरं, तिथंच थांबावं का नाही? तिनं अळीचे डायलॉगच बदलून टाकले. अन् बादलनं अळीले गॉगल घातला, बोंडाच्या दाराशी खुर्ची टाकून साहेबासारखी बसवली. अळी काय म्हनते? "काहून बावा, दार न वाजवता बोंड उघडतं? साहेब जेवून राह्यले."

अन् माझा हिरो? मागं, कोपऱ्यात, अंगठ्याएवढा! तवाच थो बादल म्हनला, हिरो सरकवा. माझं डोस्कंच फिरलं. म्हनलं, लेखक कोन? मी! टीम बंद. बादलनं ब्रश पुसले अन् गेला.

मंग मी एकट्यानं भाग टाकला, चित्रंबी मीच काढली. लाईक आला, नाही असं नाही... बायकोचा. अन् खाली एकाची कमेंट, "बकरीले झगा कायले घातला?"

तं गेलो तांड्यावर. म्हनलं, बादलचे कागद घेऊन येतो, दुसऱ्या कोनाकडून हिरो मोठा करून घेतो. ओट्यावर त्याची माय, मानीबाई, बोंडं फोडत बसलती. फोडलं का आत अळी. दुसरं फोडलं, अळी. बादल हळूच म्हने, भाऊ, माय आठवडा झाला कोनासंगं बोलून नाही राह्यली.

मी आपला थो गॉगलवाल्या अळीचा कागद तिच्यापुढं धरला, बादलनं वाचून दाखवलं. मानीबाई पाह्यत राह्यली, पाह्यत राह्यली... मंग हातातलं किडकं बोंड तोंडापाशी नेलं अन् एकदम हळू आवाजात म्हने, "साहेब, तुमचं जेवन झालं असन तं सांगा. आमालेबी जेवाचं हाय."

अन् हासली. तुम्हाले सांगतो, अशी हासली का बादल भिताडाकडं तोंड करून उभा राह्यला.

बादलले घेऊन सीधा दुकानात. दीपमालानं लगेच कॉम्प्युटर चालू केला. मानीबाईचं वाक्य शेवटच्या चौकटीत टाकलं अन् चढवला भाग. पार तिकडं उमरखेडपर्यंत गेला! लोकं फोन उचलून एकमेकायले इचारत, "साहेब जेवले का?"

पन कमेंटीत सारे म्हने, हा झगेवाला मधातच कायले? मीटिंग झाली. थे दोघं एकीकडं, मी एकीकडं. मी हात जोडले, म्हनलं, मारू नका बावा बिचाऱ्याले. त्यायनं मान राखला माझा. आता कपासवीर ऑटो चालवते. साहेब ह्या बोंडातून त्या बोंडात जातात, हा सोडून देते. दर भागात त्याले एकच डायलॉग असते, "बसा, साहेब."

थो मात्र मी लिहितो.