डब्याचं पोट आणि बाबांचं भाषण

...नाही हो, टीव्ही ठणठणीत आहे, बिघडलोय मी! तुम्हाला सांगतो, आमच्या टीव्हीखाली एक काळा डबा आहे, सिनेमे, गाणी, काय वाट्टेल ते इंटरनेटवरून उतरवून घेतो, आणि ठेवतो कुठे, तर स्वतःच्याच पोटात! पोट केवढं? एवढंसं! रविवारी सकाळी पडद्यावर पाटी, "जागा शिल्लक नाही." आणि त्याच संध्याकाळी बाबांच्या निरोप समारंभाचं, वाचनालयाने इंटरनेटवर टाकलेलं रेकॉर्डिंग बघायला अख्खी बिल्डिंग आमच्याकडे यायची होती!

बाबांचा जन्म गेला वाचनालयाच्या नोकरीत. निरोपाचं भाषण म्हणे फार रंगलं, पण हॉल छोटा, शेजाऱ्यांना बोलावता आलं नाही, ते त्यांच्या मनाला लागलेलं. म्हणून गुडघे दुखत असताना मजले चढून स्वतः सगळ्यांना सांगून आले. आता त्यांना 'जागा नाही' कुठल्या तोंडाने सांगू?

मेहुण्याला फोन लावला. तो कॉम्प्युटरवाला. "भावोजी, सोप्पंय! बाहेरची हार्ड डिस्क लावा, सेटिंगमध्ये डाउनलोडचा फोल्डर बदला. दोन मिनिटांचं काम!"

दोन मिनिटांचं काम! सेटिंगच्या आत सेटिंग, त्याच्या आत आणखी एक सेटिंग... फोल्डरचं नाव लिहायचं तर रिमोटच्या बाणाने एकेक अक्षर गाठायचं, एक चुकलं की मागे! ही आतून ओरडतेय, "अहो, झालं का? खुर्च्या आणायच्यात!" मी म्हणतोय, "झालंच!" आणि डबा म्हणतोय, "या ठिकाणी लिहिण्याची परवानगी नाही." अहो, घर माझं, डिस्क माझी, आणि परवानगी हा देणार?

पुन्हा मेहुणा. "मग डिस्क फॉरमॅट करा."

"अरे, तुझ्या बहिणीच्या लग्नाचे फोटो आहेत त्यात!"

"मग ते आधी दुसरीकडे हलवा."

"कुठे हलवू?"

"भावोजी, दोन मिनिटांचं..."

फोन ठेवला! शेवटी कुठल्याशा कोपऱ्यात एक चौकोन सापडला, त्यात टिक केली, आणि काय सांगू, पठ्ठ्याने ऐकलं! डिस्कवर रेकॉर्डिंग उतरायला लागलं, निळी रेघ हळूहळू पुढे सरकायला लागली. मी खुशीत शेजारून खुर्च्या आणायला गेलो.

परत येतो तर रेघ थांबलेली. "ठिकाण सापडत नाही." डिस्कच गायब!

"ती डबी ना?" बाबा शांतपणे म्हणाले. "तिथे लोंबकळत होती. वायर गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवली. जिथली वस्तू तिथे असली की शोधावी लागत नाही, किती वेळा सांगितलंय तुला?"

आता बोला! त्यांच्याच भाषणाची वायर त्यांनीच काढली... आणि बोलायचं कोणाला? नवी शर्ट-पँट घालून, केस विंचरून बसलेल्या बापाला? परत जोडली, तर सगळं पहिल्यापासून. शिल्लक वेळ, अकरा तास! आणि दारात लोक.

खुर्च्या भरल्या. पडद्यावर निळी रेघ. सगळे त्या रेघेकडे बघतायत. वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई मला हळूच विचारतात, "हीच सुरुवात आहे का?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात बाबा उठले, टीव्ही बंद केला, त्याच्यापुढे उभे राहिले, घसा खाकरला... आणि अख्खं भाषण पहिल्यापासून म्हणून दाखवलं! कागद नाही, काही नाही. पुस्तकं परत न करणाऱ्यांच्या नकलांसकट! लोक पोट धरून हसले, आणि शेवटी वाचनालयाच्या किल्ल्या देऊन टाकल्याचं सांगताना त्यांचा आवाज कापला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मलाही भरून आलं, खरं सांगतो. वाटलं, सुटलो! आता तो डबा गेला खड्ड्यात!

सगळे गेल्यावर बाबा सुनेला म्हणाले, "फोनवर घेतलंस ना सगळं? आज त्या दिवसापेक्षा चांगलं झालं." मग माझ्याकडे वळले. "हे टाक त्या डब्यात. पुढच्या रविवारी समोरच्या बिल्डिंगला बोलावलंय. किती वेळ लागेल?"

काय सांगणार? म्हटलं, "दोन मिनिटं, बाबा."